सालाचा विडा

मंगळूर,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बा यांना,
सुनयनाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मी बरी आहे, गुडघाही बरा आहे. जेवणाचं मात्र विचारू नका. भाकर दिसत नाही, आणि मासे मी अजून खात नाही, तर इथल्या स्वयंपाकीणबाईंना वाटतं मी आजारी आहे.

चंदावहिनीच्या फोनवर मी रोज दिसते, पण तुमचे कान गेल्यापासून तुम्ही फोन हातात घेऊन "कोन बोलते?" एवढंच विचारता आणि परत देता. त्यापेक्षा आपलं पत्र बरं. तशी सवयही तुमचीच. उटनूरच्या बोर्डिंगात होते तेव्हा दर रविवारी पत्र लिहायला लावायचे, तेलुगू शाळेत पोरगी मराठी विसरंल म्हणून. आणि मी लिहिलेलं पत्र लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत मलाच पाठवायचे. बाकीच्या पोरींना घरून चिवडा यायचा आणि मला माझंच पत्र यायचं. किती राग यायचा तेव्हा! आता वाटतं, ती सगळी जपून ठेवायला पाहिजे होती.

तर बातमी अशी. आमच्या खेळात तुमच्या सालदारकीसारखं साल नसतं, हंगाम असतो. चार महिने, फार तर पाच. हंगाम संपला की करार संपला, आणि मग मे-जूनमध्ये कोणाचा मेसेज येतो याची वाट पाहत बसायचं. कोलकाता, भुवनेश्वर, चेन्नई, पुणे, सगळीकडे असंच झालं. कुठं भांडण नाही, कुठं वाईट नाही, फक्त कुठंच राहणं नाही. माझ्या खोलीत मयूरी होती ना, अमरावतीकडची गोलकीपर, तिचं पाहा. जानेवारीत ट्रान्सफरचे दिवस होते. त्या दिवसांत क्लब एकमेकांचे खेळाडू घेतात. सोमवारी आम्ही दोघी बाजारातून लोणचं घेऊन आलो, आणि बुधवारी ती विमानात होती, इंफाळला. लोणचं माझ्याकडेच राहिलं. गेल्या रविवारी ती आमच्याविरुद्ध गोलात उभी होती आणि पेनल्टी मारायला मी. मी कुठं मारते ते तिला माहीत, ती कुठं झेपावते ते मला माहीत. दोघींना हसू आलं आणि मी बॉल बाहेर मारला. कोच अजून बोलत नाहीत माझ्याशी.

पण मॅनेजर शेट्टी सर बोलले. म्हणाले, सुनयना, आम्ही तुला दोन हंगामांचा करार देतो. बा, दोन हंगाम! मधल्या महिन्यांतही खोली राहील, दवाखाना राहील, लहान पोरींना शिकवायचं काम देतील. मी अठ्ठावीसची झाले. आमच्यात अठ्ठावीस म्हणजे सासू. या वयात दोन हंगाम कोणी देत नाही. पंधरा मार्चपर्यंत सही करून द्यायची आहे. मी लगेच हो म्हणणार होते, पण म्हटलं आधी तुम्हाला सांगावं, मग सही करावी. मला इथं राहायचंय बा. खूप राहायचंय.

मायला सांगा, तिच्या हातची आंबाडीची भाजी स्वप्नात येते. लोभ आहेच, तो पत्राच्या वजनावर मोजू नये ही विनंती.

तुमची,
सुनयना

•

भीमपूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. सुनयना हिस खुशालचे अनेक आशीर्वाद. इकडं समदे मजेत. कापसाची शेवटची वेचनी झाली, जवारी चांगली हाये, पाखरं लय येऊन राह्यली. मायचा आशीर्वाद वेगळा, तो मी सोता लिवीन म्हन्ते, पन लिवाले बस म्हनलं का तिले गोठा आठवते.

तुझं पत्र यायचं हाये, पन मले दम निघत नाई म्हून आधीच लिवतो. सोमवारी आपल्या घरी एक पोरगा आला, मोटरसायकलवर. प्रवीण नाव. बाजारहत्नूरचा हाये, आपल्याच बोलीतला. वरंगलले पोरींचा नवीन फुटबॉल क्लब निघाला, त्याच्यासाठी खेळाडू पाहाचं काम तो करते. ओट्यावर बसला, भाकर खाल्ली, मायले दोनदा भाजी मागतली. चंदा बाजूले बसून माझ्या कानात सांगत होती का तो काय म्हन्ते. तुझा खेळ त्यानं चार वर्सांपासून पाह्यला म्हने. म्हन्ते, काका, सुनीताईले येत्या हंगामात आमच्याकडं पाठोता का?

मी काई बोलायच्या आधी त्यानं खिशातून पान काढलं. भीमपूरच्या टपरीवरचं, सुपारी घातलेलं. दोन्ही हातांनी पुढं केलं आन म्हने, काका, सालाचा विडा घ्या. सुने, मले भरून आलं. आजकाल हे कोनाले माईत हाये? मी विडा घेतला आन तोंडात टाकला.

तू लहान होती, तुले आठवत असंन का नाई कोन जाने. यशवंतरावाच्या घरी आमी सालदार चार-पाच जन. साल पाडव्याले संपे आन पाडव्यालेच लागे. गुढी उभी झाली का यशवंतराव बैठकीत बसत. एकेकाचं नाव घेऊन बलावत. मले म्हनत, खुशाल, येतं साल कोनाचं? मी म्हनो, तुमचंच. मंग ते आपल्या हातानं विडा देत. तो खाल्ला का साल बांधलं गेलं. ना अंगठा ना सही. मंग दुसऱ्या घरच्यानं सोन्याच्या ताटात जेवू घालतो म्हनलं तरी जायचं नाई. आन मालकानंबी काढायचं नाई, हातपाय मोडला तरी. त्या दिसी आमाले बैठकीत बसवून पुरनपोळी वाढत, यशवंतराव सोता तूप वाढत. वीस-बावीस साल मी त्या घरी खाल्ले. दर सालाले इचारलं जाय, आन त्यात लय मान होता.

तवा मले वाटलं, माझ्या लेकीलेबी कोनीतरी तसं इचारून राह्यलं. आन वरंगल म्हंजे घरच. सकाळी आदिलाबादहून आरटीसीची बस धरली का संध्याकाळी पोचते मानूस. माय डबा घेऊन येईन. तवा बांधाबांध कर आन कोनाले हो म्हनू नको, तुझं साल आता वरंगलचं झालं.

जास्त काय लिवू. जीव लावला तसा लावत जाय.

तुझा बा,
खुशाल

•

मंगळूर,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. बा यांना,
नमस्कार. क्षेमकुशल नंतर, आज आधी भांडण.

काऊन घेतला तुम्ही विडा? माझं पत्र वाटेतच होतं, चार दिवस थांबता आलं नाही? आता तुम्हाला ते मिळालं असेल आणि मला कुठं राहायचंय ते कळलं असेल. प्रवीणला मी ओळखते. चांगला पोरगा आहे, पण त्यानं विडा दिला तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आमच्यात पानानं काही होत नाही बा. कॉम्प्युटरवर नाव चढवावं लागतं, जुन्या क्लबचा सुटल्याचा कागद लागतो, डॉक्टर गुडघे तपासतात, आणि मग सही करते ती मी. तुम्ही नाही.

मला रडू आलं तुमचं पत्र वाचून, हे खरं सांगते. रागाचं पण होतं आणि दुसरंही. मला आठवतो ना पाडवा, का नाही आठवणार? तुम्ही धुतलेलं धोतर नेसायचे आणि मला खांद्यावर घेऊन यशवंतरावांच्या वाड्यावर न्यायचे. तिथं शाळेतली पोरं उगादी उगादी म्हणायची आणि मी पाडवा म्हणून भांडायचे. परत येताना नदीवर. तुम्ही पैनगंगेत बैल धुवायचे आणि मी वाळूत तो फाटका बॉल मारायचे. बॉल पाण्यापलीकडं गेला की तुम्ही म्हणायचे, गेला तुझा बॉल महाराष्ट्रात, आता पासपोर्ट काढ. आणि मग स्वतःच कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन आणायचे. माझी पहिली ट्रान्सफर तीच म्हणायची.

पण म्हणून माझा हंगाम तुम्ही कोणाला देऊन टाकायचा का? मला कोणी विचारलं? यशवंतराव तुम्हाला विचारायचे, "येतं साल कोनाचं", त्याचा तुम्हाला एवढा मान वाटतो. मग मला विचारायचं काम कोणाचं होतं?

चंदावहिनीला सांगा प्रवीणला फोन लावायला. नाही म्हणून सांगा आणि विषय संपवा. मी इथं सही करते. रागावले तरी पाया पडते. उत्तर लवकर पाठवा, लाल पेन्सिल चालेल.

सुनयना

•

भीमपूर,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सुनी,
अनेक आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुसरं मी मायले वाचून नाई दाखवलं, तिनंच माझ्या हातातून घेऊन वाचलं. मंग माझ्याशी दोन दिस बोलली नाई. म्हंजे बोलली असंन, मले आयकू नाई आलं.

तू लिवलं का मले कोनी इचारलं. ती ओळ मी चार डाव वाचली. मी बारा वर्सांचा होतो तवा माझ्या बानं माझा विडा घेतला. बाजारहत्नूरच्या एका घरचा. मी बाजूले उभा होतो, गोट्या हातात. बानं पान खाल्लं आन मले म्हने, चाल. त्या घरी एक साल काढलं मी. मारलं नाई कोनी, उपाशी ठेवलं नाई, पन संध्याकाळ झाली का मी भीमपूरच्या दिशेनं तोंड करून बसो. साल संपल्यावर मी बाले म्हनलं, यापुढं माझा विडा मी खाईन. आन तेच मी तुझ्यासंगं केलं. प्रवीणनं दोन्ही हातांनी पान पुढं केलं आन माझं डोकं फिरलं. चुकलो, पोरी. वरंगलले तुले जायचं नाई, तर तू जायचं नाई.

पन आता माझं आयक. विडा फोनवर परत होत नाई. खाल्लेलं पान थुंकायचं तर त्याची रीत हाये. पाडव्याच्या आधी, ज्याच्या हातून घेतला त्याच्या दारात आपल्या पायानं जायचं, नारळ ठेवायचं आन सांगायचं का येतं साल तुमचं नाई. तो नारळ उचलते, मंग आपुन मोकळे. माझ्या उमरीत मले ते कराची पाळी आली नाई. आता येईन, तर येऊ दे. जवारी सोंगायची हाये, मी गेलो तर तुझा भाऊ वैभव एकटा पडते, चंदाचा हात दुखून राह्यला. तेवढी खळ्यावर आली का मी वरंगलले जातो.

तोवर तू सही करू नको. हात जोडतो. बापानं घेतलेला विडा तसाच असताना लेकीनं दुसरीकडचं साल धरलं, हे माझ्यानं सहन होनार नाई. तुले हसू येईन. येऊ दे. शेट्टी सायबाले सांग, बाप म्हातारा हाये, थोडं थांबा. ज्याले मानूस पायजे असते तो थांबते. यशवंतराव एका साली माझ्यासाठी दुपारपर्यंत विडा हातात घेऊन बसले होते, मी अवकाळी पान्यात अडकलो होतो तवा.

माय म्हन्ते, गुडघ्याले तेल लाव. मायेत खंड नको.

खुशाल

•

मंगळूर,
४ मार्च २०२५

ती. बा यांना,
शि. सा. नमस्कार. तुमच्या पत्रावर मी काय भांडू? बारा वर्षांचे तुम्ही, गोट्या हातात घेतलेले, मला दिवसभर दिसत राहिले. हे तुम्ही आधी कधी सांगितलं नव्हतं.

थांबते. शेट्टी सरांना सांगितलं, घरची एक गोष्ट मिटवायची आहे, पाडव्यापर्यंत द्या. विड्याचं सांगितलं तर ते आधी हसले आणि मग म्हणाले, माझे आजोबाही असेच होते. पण सुनयना, पंधरा तारीख मी नाही ठरवली, वरच्यांनी ठरवली, मी सांगून पाहतो. मी ऐकलं की क्लबचं मणिपूरच्या एका मुलीशीही बोलणं चालू आहे, ती माझ्याच जागेवर खेळते, बावीस वर्षांची आहे. काही होत नाही. इतके दिवस मला पाहिलंय त्यांनी.

मी मात्र मनानं इथं राहायला लागले आहे. खोलीत दोन खाटा आहेत, खिडकीजवळची माझी. खिडकीतून नारळाची झाडं आणि त्यांच्या मागं समुद्राची एक पट्टी दिसते. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणतात, तेव्हा खाट सरकवावी लागेल. लहान पोरींना शनिवारी शिकवायचं, त्यातली एक डाव्या पायाची अशी आहे की तिला पाहून माझा जीव खालीवर होतो. दिवाळीत तुम्हा दोघांना इथं आणीन. मायला समुद्र दाखवायचाय. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, एवढं पानी आन शेती नाई?

जवारी बेगीन सोंगा बा. जमलं तर दोन दिवस आधी जा. तेवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
सुनी

•

भीमपूर,
२० मार्च २०२५

चि. सुनयना हिस आशीर्वाद. वरंगलचं काम झालं हे चंदानं फोनवर सांगतलंच, पन कसं झालं ते मले सोता लिवायचं होतं.

जवारी लांबली. मधात दोन दिस आभाळ आलं, तवा उभी ठेवता येईना. खळं झालं का तसाच निघालो. पंधरा तारीख निघून गेली हे मले ठाव हाये. पन खरी तारीख पाडव्याची, आन पाडव्याले अजून दिस होते, म्हून मी नेट धरला.

धुतलेले कपडे घातले, नारळ रुमालात बांधलं. बशीत बाजूच्या मानसाले वाटलं मी लग्न ठरवाले चाललो. वरंगलले उतरून इचारत इचारत मैदान गाठलं. मले तेलुगू येते तेवढी बाजारापुरती, आन समोरच्याचं आयकू येत नाई, तवा माझी काय गत झाली असंन पाह्य. शेवटी एका पोरीनं हात धरून हापिसात नेलं.

तिथं खुर्चीवर एक नवीनच मानूस होता. मी म्हनलं, प्रवीणले भेटायचं हाये. त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात हिंदीत लिवून दाखवलं, प्रवीण नही है. त्याचाबी करार चार महिन्यांचा होता म्हने. संपला, आन तो गोव्याकडं कुठंतरी गेला. मी इचारलं, मंग त्यानं दिलेला शब्द कोनाकडं हाये? त्याले समजलं नाई. मी तुझं नाव सांगतलं. भला मानूस, त्यानं कॉम्प्युटरात पाह्यलं, मले पन दाखवलं. पोरींची नावं होती, तुझं कुठंच नोयतं. तुझ्या जागेवर त्याईनं कवाचीच दुसरी पोरगी घेतली होती. तिचं साल मांगच्या महिन्यात बांधलं गेलं, आन मी इकडं तुले अडवून बसलो होतो.

मी नारळ हातात घेऊन उभाच राह्यलो, सुने. कोनाच्या दारात ठेवू? यशवंतराव वारले तरी त्याईचं घर हाये, उंबरठा हाये, लेक हाये. इथं घरच नाई. ज्यानं विडा दिला तोच दुसऱ्या गावी साल धराले गेला. मले आजवर वाटे का तू घरं बदलत राह्यते, तुझ्या पायाले भोवरा हाये. मी हसो, मायजवळ कुरकूर करो. पन तुमाले कोनी घर देतच नाई, हे मले त्या हापिसात उभं राह्यल्यावर समजलं. तू सात वर्सं कसी काढली असंन? एक डाव मायेनंबी इचारलं नाई मी.

मंग बाहेर आलो. पोरी पळत होत्या, घामानं भिजलेल्या. मी मैदानाच्या कडेले नारळ फोडलं आन त्याईले वाटलं. त्याईच्या कोचनं शिट्टी वाजवली पन रागावली नाई. दोघी-तिघी पाया पडल्या. बशीत बसलो तवा मले रडू आलं, बाजूचा मानूस म्हनला असंन, लग्न मोडलं वाटते.

आता तू मोकळी. दोन साल धर. हसत धर. शेट्टी सायबाले माझा रामराम सांग, त्याईनं थांबून मोठेपना केला.

बापावर राग नको, माया अशीच राह्य दे.

खुशाल

•

मंगळूर,
२५ मार्च २०२५

ती. बा यांना,
सुनयनाचा नमस्कार. पत्र पोचलं. तुम्ही इतक्या लांब गेले, मैदानात नारळ फोडला, हे मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना वाचून दाखवलं. त्यांना तुम्हाला पाहायचं आहे.

इकडं सगळं झालं. सही केली. ठरल्याप्रमाणे दोन हंगाम. शेट्टी सरांनी तुमचा रामराम घेतला. तुम्ही मनाला काही लावून घेऊ नका, तुमच्यामुळं काही अडलं नाही. सगळं छान आहे, काळजी करू नका.

पाडव्याला गुढी उंच उभारा. मायला नमस्कार, वहिनीला आठवण. सराव आहे म्हणून थोडक्यात लिहिते. काळजी करू नका. जीव आहे तुमच्यावर, तेवढं पुरे.

सुनी

•

भीमपूर,
२ एप्रिल २०२५

माझी बाय सुनयना,
मायचा आशीर्वाद. मी लिवीन लिवीन म्हनत होती, आज लिवून राह्यली. चवथीपर्यंत शिकली हाये मी, पन तुझ्या बासारखं अक्षर नाई, तवा हसू नको. फोनवर बोलली असती, पन फोनवर तू हसून टाळते. कागदावर तुले हसता येत नाई.

पाडवा चांगला झाला. तुझ्या बानं गुढी एवढी उंच केली का पोराईले वर पाहा लागे. तुझं पत्र खिशात घालून समद्या भीमपुरात फिरले. यशवंतरावाच्या लेकाले दाखवलं, टपरीवाल्याले दाखवलं, बाजारात भाजीवालीले दाखवलं, माझ्या लेकीचं दोन सालाचं झालं म्हून. साखरेच्या गाठ्या वाटल्या. इतके खूश मी त्याईले तुझ्या पहिल्या मॅचच्या टायमालेबी नाई पाह्यलं. आता वरंगलचं नाव काढलं तर सोताच हसतात.

तुझं पत्र त्याईनं मले मोठ्यानं वाचून दाखवलं. कान गेल्यापासून लय मोठ्यानं वाचतात. मी भाकर थापत होती आन मले वाटलं, हे पत्र मी आधी कुठंतरी आयकलं हाये. आधीच्या पत्रात तू खाट सांगतली, खिडकी सांगतली, डाव्या पायाची पोरगी सांगतली. यात काईच नाई. नुस्तं छान हाये, काळजी करू नका, आन तेच डबल. मंग मी चंदाले म्हनलं, पाह्य वं फोनमंदी. तुझ्या क्लबनं तुझा फोटो टाकला हाये. तुझ्या नावासमोर एक हंगाम लिवलं हाये. दोन हंगाम मणिपूरच्या पोरीच्या नावासमोर हाये. चंदा रडाले लागली. मी तिले म्हनलं, फोन ठिव आन कोनाजवळ बोलू नको.

सुने, तुले एक सांगतो. तुझा बा होळी झाली का दर साली मले सांगत, यशवंतरावानं म्हनलं, येतं सालबी खुशालच. मी म्हनो, बरं झालं. पन पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी त्याईच्या ताटात अर्धी भाकर राहे. सकाळी बाहेर पडताना चप्पल उलटी घालत. आन दुपारी पान खाऊन लाल झालेलं तोंड मले दुरून दिसे, तवा मले समजे का आज इचारलं, आज साल बांधलं गेलं. आगूदर कोनी काई म्हनलेलं नसे. एकाबी साली नाई. तुमी दोघं लहान, घरात दाने मोजके, मले घोर लागू नये, झोप यावी, म्हून ते सांगत. तुझ्या बाले वाटे आपलं खपलं. आजबी तसंच वाटते. वीस-बावीस साल मी बरं झालं म्हनून चूल पेटवली आन कदी इचारलं नाई.

तवा तू काय केलं ते मले समजते. बा वरंगलले गेले, त्यापायी तुझं गेलं, हे त्याईले कळलं तर ते अन्न सोडतीन. तू झाकलं ते बरं केलं. मी सांगनार नाई, चंदा सांगनार नाई. पुढच्या पाडव्यापर्यंत त्याईले गाठ्या वाटू दे. पुढचं पुढं पाहू, तवा दोघी मिळून काई सांगू.

पन पोरी, त्याईचं ओझं मी न बोलता वाह्यलं, तुझं तसं नाई वाहनार. तुझा हंगाम संपला का सरळ घरी ये. बॅग घेऊन ये, तोंड घेऊन ये, खोटं हसू आनू नको. बाले सांग सुट्टी हाये. आंबाडी लावून ठिवतो.

आन यापुढं मले खरं लिवत जाय. झोपेची काळजी करू नको. या उमरीत मले तशीबी झोप येत नाई.

तुझी माय,
मनकर्णा